ओढ्यावरचा मंडप

भादवा सरत आला की आमच्याकडची दुपार जड होते. सोयाबीनच्या शेंगा वाळून खुळखुळायला लागतात, कापसाची पहिली बोंडं उकलतात, आणि आभाळाचं मात्र जायचं की थांबायचं ते अजून ठरलेलं नसतं. ओल्या गोणपाटासारखा एक वास गल्लीबोळांत भरून राहतो. काढणीच्या तोंडावर परतीच्या पावसाचं नाव मोठ्यानं घेऊ नये असं आमच्याकडं मानतात, म्हणून लोक त्याच्याबद्दल बोलतात ते हळू आवाजात, घरातल्या आजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

मी काही शेतकरी नाही. मुलींच्या शाळेत संगीत शिकवते. तरी याच दिवसांत पेटी वाजवताना माझा हात भात्यावर मधेच थांबतो. मुली विचारतात, "मॅडम, काय झालं?" मी म्हणते, काही नाही, आणि पुन्हा सूर धरते. पण कान बाहेर लागलेला असतो. तीन पावसाळ्यांआधीचा तो आश्विन अंगातून अजून गेलेला नाही.

बीड जिल्ह्यातलं हे आमचं तालुक्याचं गाव. कागदावर शहर म्हणतात, आम्ही गावच म्हणतो. त्या वर्षी गावाचं 'सांस्कृतिक वर्ष' जाहीर झालं. चौकाचौकांत फलक लागले. दर महिन्याला एक कार्यक्रम होणार, बंद पडलेलं नाट्यगृह दुरुस्त होणार, तालुक्यातल्या प्रत्येक कलावंताला मंच मिळणार. समितीचे अध्यक्ष म्हणजे ज्यांना सगळा तालुका आण्णा म्हणतो ते. मोठ्या जमिनीचं, राजकारणात मुरलेलं घराणं, पण आवाज गोड आणि वागणं नम्र. ते वाईट होते असं मी आजही म्हणणार नाही. एखादी गोष्ट जाहीर केली की ती झालीच, असं त्यांना मनापासून वाटायचं.

उद्घाटनाला बाहेरगावचा वाद्यवृंद आला. दिव्यांचे झोत आभाळात फिरले. आमच्याकडचे सनईवाले, गोंधळी, भजनी मंडळं मागच्या रांगांत टाळ्या वाजवत बसले होते. पुढं आपलीही पाळी आहे, या समजुतीनं वाजवलेल्या त्या टाळ्या होत्या. त्यानंतर सगळं हळूहळू गप्प झालं. नाट्यगृहाच्या खुर्च्या उपटून पटांगणात टाकल्या, छताचे पत्रे उतरवले, आणि काम घेतलेला माणूस पुन्हा फिरकलाच नाही. उन्हाळा त्या उघड्या छतातून आत आला, मग पावसाळाही आला. आषाढात मी एकदा दारातून डोकावले तर रंगमंचावर गुडघाभर गवत, आणि त्यात एक शेळी निवांत रवंथ करत बसलेली.

वडवणीकडून एक भारुडाचं पथक आलं होतं, तो दिवस मला विसरता येत नाही. तारीख बदलल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. एसटीतून उतरून, अर्धा रंग तोंडाला लावूनच ते नाट्यगृहापाशी पोचले. दाराला कुलूप. सात-आठ माणसं पायऱ्यांवर बसली, बांधून आणलेली भाकरी खाल्ली. त्यांच्यातल्या एकानं, ज्यानं बाईचं सोंग घेतलं होतं, लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत मला विचारलं, "बाई, आमी चुकलो का गाव चुकलं?" संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. रंग तसाच तोंडावर घेऊन.

हॉटेलात चहा पिताना लोक आधी थट्टा करायचे. "सांस्कृतिक वर्ष कधी संपनार हाय बे?" एकानं विचारायचं, आणि दुसऱ्यानं म्हणायचं, "आधी सुरू कधी झालतं ते सांग." पुढं पुढं ही थट्टाही आटली. सुशोभनासाठी म्हणून खणलेला मुख्य रस्ता खणलेलाच राहिला. चौकातल्या कापड दुकानाचे अप्पा चार माणसं घेऊन आण्णांकडं गेले. चहा झाला. "होतंय, अप्पा," आण्णा म्हणाले. अप्पा दुसऱ्यांदा गेले, तेव्हा सोबत चाळीस माणसं होती. तेव्हाही चहा झाला. त्या दिवशी परतताना कुणी बोललं नाही. चिडलेली माणसं ओरडतात तोवर ठीक असतं. ती एकाएकी गप्प झाली की मला भीती वाटते.

या सगळ्यात माझ्या बावीस मुली होत्या. पंचमीचा फेर आम्ही बसवला होता. हातात हात धरून गोल फिरायचं, झुकायचं, उठायचं, आणि बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्यात ती गाणी म्हणायची. पहिली तारीख उन्हाळ्यात होती. मग पंचमीला, मग गणपतीत. दर वेळी मुली बांगड्या भरून, केसांत गजरे माळून यायच्या, आणि दर वेळी मी त्यांना घरी पाठवायची.

त्यांच्यात नववीतली कोमल होती. काळीसावळी, हडकुळी पोर, पण तिनं आवाज लावला की बाकीच्या एकवीस जणी आपोआप सुरात यायच्या. तिचे आई-बाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी ट्रॅक्टरमधून निघायची ती उन्हाळा लागल्यावरच परतायची. आदल्या वर्षी कोमलही गेली होती. यंदाही जाणार, हे ठरलेलं होतं. म्हणून ती एकच प्रश्न विचारायची, "मॅडम, टोळी जायच्या आधीच हाय ना कार्यक्रम?"

"हो," मी म्हणायची. तीनदा म्हणाले. मॅडम हो म्हणाल्या म्हणजे ते होणार, अशी तिची समजूत होती. आता कळतं, मीही आण्णांसारखीच होत चालले होते.

तिची आई एकदा शाळेत आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. "मला तिला एकदा वर हुभी बघायची हाय," ती म्हणाली. "समद्या गावाम्होरं. मग कुठं बी जाऊ आमी." त्या एका वाक्यानं मी बांधली गेले.

अखेर समारोपाची तारीख आली. आश्विनातली, दिवाळीच्या आधीची. नाट्यगृहाला छत नव्हतं, म्हणून कार्यक्रम बसस्टँडच्या मागं मंडप घालून करायचा ठरला. तिथं मैदान कधीच नव्हतं. तिथं ओढा होता. गावाच्या वरच्या अंगाला एक जुनं तळं आहे. ते भरलं की त्याच्या सांडव्यावरून पडणारं पाणी या ओढ्यानं गावाबाहेर जायचं. मधली काही वर्षं पाऊस कमी झाला, ओढा कोरडा पडला, आणि त्या पावसाळ्यात हायवा ट्रक भरभरून मुरूम येऊन त्यात पडला. वरून रोलर फिरला. दोन महिन्यांत ओढ्याचं मैदान झालं.

किसनमामा माझ्या घरी आले ते मंडपाचे खांब उभे राहत होते तेव्हा. मामा आमच्याच गल्लीतले. उभं आयुष्य त्या तळ्यावर चौकीदार म्हणून काढलेलं. एकादशी आली की नारायणगडाला पायी जायचं, आणि रोज सकाळी तळ्याला एक चक्कर मारायची, एवढंच निवृत्तीनंतर उरलेलं काम. ओसरीवर टेकले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले.

"बाई, तुमच्या पोरी हायेत म्हनं त्या मंडपात."

"आहेत, मामा."

"नका नेऊ. तळं काठोकाठ आलंय. एक मोठा पाऊस वर झाला की सांडवा सुटनार. वड्याला तुमी मुरूम टाकून गप केलं, पन तळ्याला कोन सांगनार?"

"आण्णांना सांगितलं का तुम्ही?"

"गेलतो की. च्या पाजला. लई मान दिला." मामांनी टोपी डोक्यावर ठेवली. "ऐकलं मातर न्हाई."

मी म्हणाले, बघते. आणि खरोखर बघायला गेलेही. खांबांसाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी झिरपून वर आलं होतं. मंडपवाला त्यात कोरडा मुरूम टाकून ते झाकत होता. बसस्टँडच्या मागच्या भिंतीवर खेकडे चढत होते. एक-दोन नव्हे, ओळीनं. त्यांच्या नख्यांचा सिमेंटवर होणारा बारीक खरखराट मला ऐकू येत होता. शेजारच्या विहिरीत वाकून पाहिलं, हात घातला असता तर पाणी लागलं असतं. या सगळ्याचा अर्थ न कळण्याइतकी मी लहान नव्हते. पण मला उंबऱ्याबाहेर उभी राहिलेली कोमलची आई दिसत होती, आणि पाचवी तारीख मिळणार नाही हेही ठाऊक होतं. मी घरी आले आणि मुलींचे परकर इस्त्री करायला घेतले.

कार्यक्रमाच्या दिवशी गावात पावसाचा टिपूस नव्हता. ते मला अजून सगळ्यांत भयंकर वाटतं. ऊन होतं, घामानं ब्लाउज अंगाला चिकटत होते, धूळ उडत होती. फक्त वरच्या अंगाला, डोंगराच्या पलीकडं, आभाळ शाईसारखं झालं होतं आणि ते हलत नव्हतं. दुपारी एकची वेळ दिलेली, पाहुणे आले चारला. तोवर लोक चिडून खुर्च्या आपटायला लागले होते. "आमाला कावून बसवून ठेवलंय?" मागून कुणीतरी विचारत होतं. नव्या हिरव्या जाजमाचा उग्र वास तापलेल्या मंडपात कोंडला होता. मुली रंगमंचामागच्या कनातीत माझ्याभोवती दाटीनं बसल्या होत्या. कोमल पुन्हापुन्हा हाताचा घाम परकराला पुसत होती.

आमचं नाव पुकारायच्या जरा आधी फोन आला. मामाच होते. मागं कसला तरी एकसारखा घोष चालला होता, त्यामुळं ते ओरडून बोलत होते.

"बाई, वर दोन तासापसून कोसळायलंय. सांडवा सुटला. पोरी घिऊन निघा तितून."

मी मुलींकडं पाहिलं. त्या उठून उभ्या राहिल्या होत्या, एकमेकींचे गजरे सारखे करत होत्या.

"मामा," मी म्हणाले, "फक्त पंधरा मिनिटं."

त्यांनी काय उत्तर दिलं ते मी ऐकलं नाही. मी फोन पर्समध्ये टाकला आणि मुलींना घेऊन वर गेले.

त्या गायल्या मात्र अशा की खुर्च्यांचा आवाज थांबला. पहिल्या फेऱ्यात जराशा बिचकल्या, दुसऱ्यात पाय सैल झाले. बायकांच्या बाजूला पुढून तिसऱ्या रांगेत कोमलची आई बसली होती. तिनं पदराचं टोक दातांत धरलं होतं आणि ती डोळ्यांची पापणी लववत नव्हती. वर्षभर जे कुठं झालं नव्हतं ते त्या मंडपात काही मिनिटं झालं. आमचं गाव आमच्याच पोरींना ऐकत होतं. हे आठवलं की मला अजून आनंद होतो, आणि त्या आनंदाची लाजही वाटते.

तिसऱ्या फेऱ्याला रंगमंचापुढचं जाजम हललं. खालून कुणी श्वास घ्यावा तसं ते एका जागी वर आलं आणि बसलं. मग आणखी एका जागी. मागच्या कनातीखालून काडीकचरा घेऊन पाणी येत होतं, अगदी गुपचूप, घोटाभर. कोमलनं ते माझ्याआधी पाहिलं होतं. ती गायची थांबली, पण तिनं शेजारणीचा हात सोडला नाही. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं.

"हात सोडू नका," मी पेटीवरून उठत म्हणाले. "अशाच साखळीनं माझ्यामागं या. पळायचं नाही."

बाजूच्या पायऱ्यांनी आम्ही उतरलो आणि माणसांच्या मधल्या वाटेनं बसस्टँडच्या उंच फलाटाकडं निघालो. माईकवरून आण्णांचा आवाज आला, नेहमीसारखाच गोड. "मॅडम, मुलींना कुठं नेताय? पाहुणे बसलेत. सगळ्यांनी शांत बसा, काही झालेलं नाही." लोक गोंधळून बघत राहिले. तेवढ्यात कोमलची आई उठली. "पोरी निघाल्यात," ती आजूबाजूच्या बायकांना म्हणाली. "उठा." बायका उठल्या, मग त्यांच्या मागची माणसं उठली. वर्षभर आण्णांच्या 'होतंय'वर बसून राहिलेलं गाव त्या दिवशी त्यांनी बसा म्हटल्यावर उठलं. शेवटी पाहुणेही उठले, आणि सगळ्यांत शेवटी आण्णा, माईक हातात घेऊन.

फलाटावर पोचून मी मुली मोजल्या. बावीस. मग मागं वळून पाहिलं. मागच्या रांगेतले खांब, माणूस दमून खाली बसावा तसे जमिनीत बसत होते. मंडपाचं कापड पाण्यानं फुगलं आणि मग एकदम तो आवाज आला, मातीत दाबून ठेवलेला, दोन महिन्यांचा. मुरूम लाल चिखल होऊन उसळला. रिकाम्या खुर्च्या शेकड्यांनी वाहत गेल्या. माझी पेटी त्यांच्यात गेली. माझ्यामागं मुलींच्या बांगड्या वाजत होत्या, त्यांनी एकमेकींचे हात अजून सोडले नव्हते.

फोन पाहिला तेव्हा त्यावर मामांचे सात कॉल होते.

मी उचलत नाही असं पाहून ते स्वतःच निघाले होते. तळ्याकडून गावात यायच्या वाटेवर एक बुटका पूल आहे. तिथं त्यांना पाण्यानं गाठलं. तासाभरानं लोकांना ते सापडले, बाभळीच्या फांदीला मिठी मारून बसलेले. खुब्याचं हाड मोडलं होतं. शुद्धीवर होते. त्यांनी पहिलं काय विचारलं, ते मला त्यांच्या सुनेनं नंतर सांगितलं. "पोरी उतरल्या का?"

आठ दिवसांनी सभा झाली. आण्णा म्हणाले, निसर्गापुढं कुणाचं चालत नाही. जीवितहानी झाली नाही ही चांगल्या नियोजनाची खूण आहे, असंही कुणीतरी म्हणालं. अप्पांनी उठून विचारलं की ओढ्यात मुरूम टाकायला परवानगी कुणाची होती. उत्तर आलं, माहिती घेऊन कळवतो. मग मी उठले. एरवी असं उभं राहायचं माझं धाडस होत नाही. मी म्हणाले, "किसनमामांनी मला आधी सांगितलं होतं. आण्णांनाही सांगितलं होतं. आम्हा दोघांनाही माहीत होतं." आण्णा समोरचे कागद सारखे करत राहिले. त्यानंतर त्यांच्या माणसांनी माझ्याशी बोलणं सोडलं. शाळेत मला दोनदा खुलासा विचारला गेला. सभेत सांगितलं तेच मी लिहून दिलं.

महिन्याभरानं शाळेत एक गठ्ठा आला. बावीस प्रशस्तिपत्रं, सोनेरी किनारीची, आधीच छापून ठेवलेली. 'समारोप सोहळ्यात कार्यक्रम यशस्वीरीत्या सादर केल्याबद्दल.' खाली आण्णांची सही. मी ती वाटली नाहीत.

ओढ्यात पुन्हा मुरूम पडलाय. या वेळी थर जास्त उंच आहे, आणि तिथं आता दुकानांचे गाळे होणार म्हणतात. चुन्याच्या रेघा मारून झाल्यात. नाट्यगृहाला छत नाहीच. मामा खाटेवरून उठू शकत नाहीत. मी जाते तेव्हा ते त्या दिवसाचं काही काढत नाहीत. पंधरा मिनिटांचंही नाही. फक्त विचारतात, "आज तळं कुठवर आलंय?" म्हणून आता रोज सकाळी तळ्यावर मी जाते. भिंतीवरच्या कितव्या दगडाला पाणी लागलंय ते पाहते आणि त्यांना येऊन सांगते. ते डोळे मिटून ऐकतात. कधी मान हलवतात. कधी हलवत नाहीत, तेव्हा मी दिवसभर अस्वस्थ असते.

कोमलची टोळी त्या वर्षी ठरल्याप्रमाणं दिवाळीनंतर गेली. मार्गशीर्षात एका दुपारी, मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. मागं ट्रॅक्टरचा आवाज होता, ती धापा टाकत बोलत होती.

"मॅडम, कोमल बोलायलेय. सांगलीकडून."

"बरी आहेस ना गं?"

"हाय. मॅडम, हितं आमच्या ऱ्हायच्या कोप्या सखल जागंला घातल्यात. वड्याच्या कडंला. कालपसून आभाळ आलंय."

मी हातातला खडू खाली ठेवला. "मुकादमाला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हनला, दरसाल हितंच असत्यात, काई होत न्हाई."

"मग?"

"मग आई म्हनली, चल. आमी आमची कोपी सोडली आन् वर माळावर आनली. आदी समदे हसले आमाला. आता तीन कोप्या आल्यात मागून."

"आणि खाली किती राहिल्यात?"

ती जरा थांबली. बहुतेक वळून पाहत असावी.

"लई हायेत," ती म्हणाली. "मी परत जाऊन सांगते. ठिवते, मॅडम."